गप्प फोन तोडायचा नसतो

माझ्या मावशीने एकतीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर काढली. या एकतीस वर्षांत तिला रोज शेकडो माणसांनी फोन केले, पण तिच्याशी बोलायला म्हणून एकानेही नाही. कुणाला एक्स-रे विभाग हवा असायचा, कुणाला बाळंतिणींचा वॉर्ड, कुणाला डॉक्टर आणि तेही ताबडतोब. मावशी "जोडते" म्हणायची आणि बाजूला व्हायची. तिचं मत कुणी विचारलं नाही आणि तिनेही ते कधी पुढे केलं नाही. मी तिच्या जागी असते तर तिसऱ्या दिवशी हेडफोन आपटून घरी आले असते.

मी तिची भाची. दोन खोल्यांच्या घरात आम्ही दोघीच राहतो. मी घरी बसून यंत्रांच्या खोक्यातली माहितीपत्रकं लिहिते, म्हणजे यंत्र बिघडल्यावरच लोक जी शोधतात ती. मावशीबरोबर राहण्यात एकच अडचण आहे, ती म्हणजे तिचे कान. बाहेरून आल्यावर मी "जेवून आले" म्हणाले की ती मान वर न करता म्हणते, "उपाशी आहेस. ताट घे." एकदा मी फोनवर एका गिऱ्हाइकाशी अगदी मध लावून बोलत होते. फोन ठेवल्यावर ही विचारते, "एवढा राग कशाचा आला होता गं?" अशा बाईपुढे खोटं बोलायची सोय नसते, आणि खोटं बोलायची सोय नसलेलं घर माणसाला जाचतं. मी बरेचदा चिडायचे.

बोर्डावर लागली तेव्हा तिला एका म्हाताऱ्या ऑपरेटरबाईंनी शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, ओरडणाऱ्याला थोडं थांबवलं तरी चालेल, पण गप्प फोन तोडायचा नसतो. ज्याला बोलता येतंय त्याच्यापेक्षा ज्याला येत नाहीये त्याची गरज मोठी. एकदा असाच एक फोन आला. पलीकडे शब्द नाही, फक्त श्वास. मावशीने अकरा मिनिटं ती लाइन धरून ठेवली. "मी आहे हं, मी ऐकतेय," एवढंच मधूनमधून म्हणत राहिली. मागे लाकूड कापायच्या करवतीचा आवाज होता, थोड्या वेळाने शाळेची घंटा झाली. शाळेजवळची वखार गावात एकच. तिने गाडी तिकडे धाडली. जिन्यावरून पडलेली एक बाई सापडली, जबडा मोडलेला, शुद्ध जेमतेम. मावशी हे सांगायची तेव्हा तिच्या आवाजात बढाईचा लवलेश नसायचा. ती बाई कशी सापडली यापेक्षा ती करवत किती बोथट झाली होती हेच तिच्या जास्त लक्षात होतं.

मावशी निवृत्त झाली आणि तिच्या जागी मशीन आलं. "चौकशीसाठी एक दाबा, भेटीची वेळ घेण्यासाठी दोन दाबा," असं गोड आवाजात सांगणारं. मावशीला त्याचं वाईट वाटलं नाही, निदान तसं म्हणाली तरी नाही. तिचा त्या मशीनशी उभा दावा सुरू झाला तो शिंपीकाकांमुळे.

शिंपीकाका आमच्या घराखालच्या गाळ्यात शिवणकाम करायचे. तोंडाने फटकळ, पण बेतायला बसले की कापडावर खडूची दुसरी रेघ मारावी लागायची नाही. एका दुपारी दुकानात एकटे असताना त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डाव्या हाताने त्यांनी रुग्णालयाचा नंबर फिरवला. वर्षानुवर्षं तोच, म्हणून तोंडपाठ. मशीनने विचारलं, काय हवंय. काकांना कुठला आकडा दाबायचा ते उमजेना, शब्द फुटेना. सात सेकंदांनी मशीन म्हणालं, "आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही. फोन केल्याबद्दल धन्यवाद." फोन कटला. त्यांनी तीन वेळा लावला, तीनही वेळा धन्यवाद मिळाले. तासाभराने मावशी खिडकीचा पडदा आखूड करून घ्यायला खाली गेली तेव्हा ते शिलाई मशीनच्या पायाशी पडलेले दिसले. जीव वाचला. पण डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर हात वाचला असता. कात्रीचा हात होता तो.

मावशीने रुग्णालयाला तीन पत्रं लिहिली. फक्त एवढंच मागितलं की गप्प फोन कापू नका, तो माणसाकडे द्या. तिन्ही वेळा उत्तर आलं, "आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे." मी त्या उत्तरांचे तुकडे करणार होते, तिने करू दिले नाहीत. पण त्या दिवसापासून खालून जाताना तिची पावलं दुकानाच्या दारापाशी अडखळायची, आणि हे ऐकायला तिच्यासारखे कान लागत नव्हते.

आता माझ्या जोडधंद्याबद्दल सांगायला हवं. माहितीपत्रकांचं काम मधे आटलं तेव्हा मी पैसे मिळणाऱ्या ऑनलाइन चर्चागटांच्या मागे लागले. कंपन्यांना आपल्या वस्तूंबद्दल सामान्य माणसांचं मत हवं असतं. आठ-दहा जणांना कॉम्प्युटरवर समोरासमोर बसवतात, दीड तास बोलतं करतात आणि त्याचे पैसे देतात. असे गट शोधणं हीसुद्धा एक विद्या आहे. लोकांची मतं गोळा करणाऱ्या संस्थांकडे नाव नोंदवायचं, त्यासाठी वेगळा ईमेल ठेवायचा, आणि तो सकाळी चहाच्या आधी बघायचा, कारण दुपारपर्यंत जागा भरतात. नाव नोंदवायला जो उलट तुमच्याकडेच पैसे मागेल तो भामटा समजायचा. आणि प्रत्येक गटाआधी एक प्रश्नावली असते, तिला मी गाळणी म्हणते. तुम्ही त्यांना हवे तसे ग्राहक आहात का, हे त्यात तपासतात. त्या धंद्यातला जाणकार मात्र त्यांना नको असतो. बिस्किटांबद्दल बोलायला बेकरीवाला चालत नाही.

एकदा मी बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाबद्दल दीड तास तावातावाने बोलले. मावशी दारात उभी राहून ऐकत होती. मी उठल्यावर म्हणाली,

"हे तुला विचारतात?"

"हो."

"आणि लिहून घेतात?"

"सगळं रेकॉर्ड करतात मावशी. पुढे कंपनीच्या साहेबांना दाखवतात."

ती पलंगाच्या कडेवर बसली.  मग म्हणाली, "झाकणाबद्दल विचारतात तर फोनबद्दलही कधीतरी विचारतील. मला शिकव."

मी समजावलं की असा विषय येईलच असं नाही, आला तरी आपल्याकडे येईल असं नाही. "मी थांबेन," म्हणाली. थांबणं हा तिचा एकतीस वर्षांचा धंदा. दिलं तिचं नाव नोंदवून.

आणि मग माझ्या नाकी नऊ आले. ही बाई गाळणीतल्या प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर द्यायची! मांजर आहे का? नाही. दाढी करता का? नाही. गेल्या सहा महिन्यांत गादी घेतली का? "घेतली नाही, पण उसवून पुन्हा भरून घेतली. त्याला कुठे खूण करायची?" मी कपाळाला हात लावायचे. अगं, थोडं पुढेमागे केलं तर काय आकाश कोसळतं? पण नाही. चोवीस वेळा ती गाळणीत अडकली आणि "आपण या गटासाठी पात्र नाही" असं दिसलं की चोवीसही वेळा ती पडद्याला "बरं" म्हणाली.

पंचविसाव्या वेळी फरशी पुसायच्या औषधाच्या गटात तिला घेतलं. मी तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर येईल असा पुस्तकांचा थर रचला. या गटांत नावं नसतात, फक्त नंबर. मावशी पाच नंबर. दीड तासात तिने औषधाबद्दल चकार शब्द काढला नाही. मात्र चर्चा चालवणाऱ्या गृहस्थांना ती मधेच म्हणायची, "तीन नंबरच्या ताई मघापासून बोलू बघताहेत, त्यांना द्या." थोड्या वेळाने, "सात नंबर हो म्हणाले खरे, पण त्यांना पटलेलं नाही, परत विचारा." शेवटी गृहस्थ हसून म्हणाले, "पाच नंबर, तुम्ही तर माझंच काम केलंत." तिने बोर्डच चालवला होता. कानाला हेडफोन नव्हता एवढंच.

सात महिन्यांनी, सकाळी चहाच्या आधी, तो ईमेल आला. रुग्णालयाची स्वयंचलित फोनसेवा, आठ जण, दीड तास. खाली रुग्णालयाचं नाव होतं. तेच.  मी भराभर गाळणी उघडली आणि चौथ्या प्रश्नाशी थबकले. "आपण किंवा आपल्या घरातील कुणी टेलिफोन सेवा अथवा रुग्णालयात काम केले आहे का?"

मावशी आंघोळीला गेली होती. ती बाहेर आली असती तर तिने "होय" वर बोट ठेवलं असतं आणि सात महिन्यांवर पाणी पडलं असतं. मी "नाही" वर खूण केली आणि पाठवून दिलं. लगेच "आपण पात्र आहात" असं दिसलं. ती आल्यावर म्हणाले, "मावशी, घेतलं तुला." तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. एरवी माझ्या आवाजातलं खोटं तिला लगेच ऐकू आलं असतं. पण आनंदाने ती इतकी गोंधळली होती की त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्या कानांनी तिला दगा दिला.

गट दुपारी चारला होता. विषयच मशीनच्या आवाजाच्या निवडीचा, म्हणून आसपासचे आवाज गाळायची कॉम्प्युटरमधली सोय सगळ्यांना बंद करायला सांगितली होती आणि माइक चालू ठेवायला. मावशीने ठेवणीतली साडी नेसली, एका कागदावर तीन ओळी लिहून आणल्या. यावेळी तिचा नंबर एक. मी कॅमेऱ्यात येणार नाही अशी मोरीच्या दाराला टेकून बसले. चर्चा चालवणारी एक तरुण बाई होती, चुणचुणीत, नीट बोलणारी. स्वागत करून ती म्हणाली,

"सुरुवातीला नियमाप्रमाणे विचारते. आपल्यापैकी कुणी फोनसेवेत किंवा रुग्णालयात काम केलेलं नाही ना?"

सात जणांनी माना हलवल्या. माझे डोळे मावशीवर खिळले होते. गप्प राहा, मी मनात म्हणत होते, नुसती गप्प राहा.

"मी केलंय," मावशी म्हणाली. "एकतीस वर्षं. तुमच्याच रुग्णालयाच्या बोर्डावर."

"पण फॉर्ममध्ये तर 'नाही' लिहिलंय..."

मावशीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. तेवढ्यावरून तिला सगळं कळलं.

"फॉर्म भरताना आमच्या हातून चूक झाली," ती म्हणाली. "माफ करा."

आमच्या हातून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग मला तुम्हाला गटातून काढावं लागेल हो," ती बाई म्हणाली. तिला मनापासून वाईट वाटत होतं.

"काढा की. नियम तो नियम. मला फक्त पंधरा सेकंद द्या."

"बोलायला?"

"नाही. गप्प बसायला. सगळ्यांनीच."

बाई क्षणभर घुटमळली आणि हो म्हणाली. मावशीने डोळे मिटले. पडद्यावर नऊ चौकोन, नऊ माणसं, आणि कुणी हलेना. मी घड्याळाकडे बघत होते. सात सेकंद इतके लांब असतात याची मला कल्पना नव्हती. पंधरा तर संपता संपेनात.

मग डोळे न उघडताच ती बोलू लागली. "चार नंबर, तुमच्याकडे नळ ठिबकतोय, आणि तुम्हाला दमा आहे. पंपाचं औषध संपत आलंय का? तुम्ही श्वास पुरवून पुरवून घेताय. सहा नंबर, तुमच्या मांडीवर मूल झोपलंय, तुमचा श्वास त्याच्या श्वासाच्या मापाने चाललाय. आठ नंबर, तुमच्या घरात दुसऱ्या खोलीत कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे. दर थोड्या वेळाने खाट कुरकुरते आणि तुमचा श्वास थांबतो." आठ नंबरच्या माणसाने तोंडावर हात ठेवला. सहा नंबरच्या बाईने कॅमेरा हळूच खाली वळवला. तिच्या मांडीवर खरोखरच एक मूल झोपलं होतं.

"आणि बाई, तुमचंही ऐकलं मी," मावशी म्हणाली. "पण लाइनवर ऐकलेलं मी चारचौघांत सांगत नाही."

त्या तरुण बाईचा चेहरा असा काही झाला की मी नजर काढून घेतली.  एवढी वर्षं मी हिच्याबरोबर एका छपराखाली राहिले, हिच्या कानांना कंटाळले, आणि हे कान म्हणजे काय आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. मी त्याला चोरून ऐकणं समजत होते. ती तर माणसाला एकटं पडू देत नव्हती.

मावशीने डोळे उघडले. कागदावरच्या तीन ओळींकडे तिने पाहिलंही नाही. "हे पंधरा सेकंद झाले. तुमचं मशीन सातव्या सेकंदाला फोन कापतं. आमच्या खालच्या शिंप्याला अर्धांगाचा झटका आला, बोलता येईना, त्याला तीन वेळा कापलं. त्याचा हात गेला. आवाज कुठलाही गोड निवडा, माझं काही म्हणणं नाही. पण गप्प फोन माणसाकडे द्या. झालं, आता काढा."

पडदा काळा झाला. "आपल्याला या चर्चेतून बाहेर काढण्यात आले आहे," अशी ओळ आली. मावशी म्हणाली, "बरं."

 "मावशी, माझं चुकलं," एवढंच कसंबसं म्हणाले. ती म्हणाली, "चुकलंच. पुढच्या वेळी मला विचार," आणि साडी बदलायला आत गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी त्या रात्री नीट जेवले नाही आणि तिनेही नेहमीसारखं ते बोलून दाखवलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी तिचा फोन वाजला. तिने उचलला, "हॅलो" म्हणाली, आणि मग काहीच नाही. अनोळखी नंबर होता. "कुणी भामटा असेल, ठेव," मी म्हणाले. तिने हाताने मला थांबवलं, पायाने स्टूल ओढलं आणि बसली. "मी आहे हं," ती फोनमध्ये म्हणाली. "सावकाश." मी पत्रक बाजूला ठेवलं. चांगली दोन मिनिटं गेली असतील.

ती त्या गटाची बाई होती. आधी ती नुसती रडली. तिचं जे काही दुःख होतं ते मावशीने मला आजतागायत सांगितलेलं नाही, आणि मी विचारलंही नाही. बाकीचं मात्र मावशीने फोनचा आवाज मोठा करून मलाही ऐकवलं.

"नियमाने तुमचं बोलणं रेकॉर्डिंगमधून काढावं लागलं, मावशी," ती सांगत होती. "अहवालात त्यातला एक शब्दही घेता आला नाही. पण तुम्ही गेल्यावर मी बाकीच्यांना चार आवाज ऐकवले, कुठला बरा वाटतो विचारलं. तर एकही जण आवाजाबद्दल बोलेना. चार नंबर म्हणाले, मला धाप लागली असेल तर मी काय करायचं? आठ नंबर म्हणाले, माझी आई बोलू शकत नाही, तिने काय दाबायचं? सातही जणांनी हेच लावून धरलं. दीड तास. ते तर सामान्य ग्राहक ना, त्यांचं कसं पुसणार? मी सगळं लिहिलं. रुग्णालयाने मान्य केलंय. पुढच्या महिन्यापासून गप्प फोन कापला जाणार नाही. माणसाकडे जाईल."

 मावशीचा आवाज बोर्डावरचाच होता, एका पट्टीतला. "ज्याच्याकडे जाईल तो घाईचा नसावा," ती म्हणाली. "एवढं अजून लिहा."

फोन ठेवून ती तडक जिना उतरली. मी मागोमाग. शिंपीकाका दुकानात खुर्चीवर बसले होते. दुकान आता त्यांचा पुतण्या चालवतो, काका नुसते बसतात. वाचा थोडी परतली आहे, पण एकेक शब्द वर यायला वेळ लागतो. मी नेहमी त्यांचं वाक्य अर्ध्यातच पुरं करून टाकायचे. मदत म्हणून नव्हे, मला धीर नसायचा म्हणून.

मावशी त्यांच्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "आता कापणार नाहीत. गप्प फोन माणसाकडे जाणार."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले, आवाज आला नाही. माझ्या जिभेवर आलं होतं, काका, बरं झालं ना? मी जीभ चावली. मनात मोजू लागले. सात झाले. पंधरा झाले. मावशी अगदी निवांत बसली होती, जगात दुसरं काही काम नसल्यासारखी. तीसच्या पुढे कुठेतरी काकांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

"दुसऱ्या... कुणाचा तरी," ते म्हणाले, आणि पुन्हा थांबले, आणि आम्ही दोघी थांबलो. "वाचेल."